झोन सतरा

आधी एक आकडा पेरावा लागतो.
त्याला बीच म्हणतात, खरंच.
बेचाळीस पेरलं की एक सकाळ उगवते,
त्रेचाळीस पेरलं की दुसरी:
तेच पायसांदू, त्याच मोटरसायकली,
फक्त नशिबं इकडची तिकडे.
अशा दहा सकाळी पिकवायच्या
आणि सरासरी काढायची.
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जुलैच्या गारठ्यात,
येर्बाच्या कडू काढ्याचा थर्मास गुडघ्यांत धरून
मी, निदिया एचेवेस्ते, हे पीक घेते.

प्रोग्रॅम जर्मन आहे, स्वभावाने बरा.
पण दुपारी बाराला अख्खं गाव जेवायला घरी का जातं
आणि तीनला परत का येतं
हे त्याच्या गळी उतरवण्यात माझा एक उन्हाळा गेला.
त्याला वाटायचं, मी आकडे दोनदा भरलेत.

आणखी एक खोड:
गाडी पाच मिनिटं एका जागी अडकली
की तो ती अलगद उचलतो
आणि कोंडीच्या पलीकडे ठेवून देतो.
पुस्तिकेत लिहिलंय, काळजी करू नये.
मी एक्केचाळीस वर्षांची आहे.
मला अजून कुणी उचललेलं नाही.

यंदाचा प्रश्न लोकरीच्या गिरणीपाशी:
सिग्नल बसवायचा की वर्तुळ बांधायचं?
पैसे मोन्तेविदेओहून येणार, रांग दाखवली तरच.
आणि रांग तर होतीच की!
रोज पाच चाळीसला
दोनशे बारा ठिपके बंदराच्या बाजूने येतात,
फाटकाशी दाटतात,
एकमेकांच्या शेपट्या हुंगतात
आणि एकेक करून आत विरघळतात.
कामाला गेले, असा त्याचा अर्थ.

सर्व्हे अकरा वर्षांपूर्वीचा.
गिरणी बंद होऊन नऊ झाली.

साहेब, म्हणजे आमचे वाल्देमार, म्हणाले,
"दोनशे बारा भुतांवर सिग्नल मिळत असेल
तर भुतांना कशाला दुखवायचं?"
अगदीच चूक नव्हतं त्यांचं.
सिग्नल हवा होता शाळेसमोर,
पण तिथे रांग नव्हती, फक्त मुलं होती,
दप्तर छातीशी धरून रस्ता पार करणारी,
आणि धावत सुटणाऱ्या मुलांचा खोळंबा
शून्य सेकंद भरतो.

मंगळवारी खिशात मोजणीयंत्र टाकून गेले,
अंगठ्याने दाबायचं, टक वाजणारं.
अंधार. नदीवरून आलेलं धुकं.
एक पाववाला, पायी.
एक कुत्रा. तो मोजत नाहीत.
मग एक मोटरसायकल, खोकत.
टक.

विल्मार सोरोंदो. एकेकाळी पिंजण खात्यात,
आता रिकाम्या गिरणीचा राखणदार,
माग विकले जाईपर्यंत बँकेने ठेवलेला.
कुलूप काढता काढता त्याने विचारलं,
"काय मोजतेस, पोरी?"
"रहदारी."
"किती झाली?"
"तुम्ही."

वाटलं, आता सांगेल,
पूर्वी इथे पाय टेकायला जागा नसायची वगैरे.
तसलं काही बोलला नाही.
म्हणाला, "जाताना सांभाळून जा.
डावीकडचा खड्डा मोठा आहे."

दोनशे बारातून दोनशे अकरा वजा केले.
रांग गेली. सिग्नल गेला, वर्तुळही.
पत्रात एवढंच मागितलं:
शाळेसमोर उंच केलेला पट्टा,
आणि गिरणीपुढचा एक खड्डा, डावीकडचा.
वाल्देमार आठवडाभर बोलले नाहीत,
मग माझ्याच थर्मासमधून पिऊ लागले.

राजधानीहून आलेल्या तपासनीस बाईंनी
तक्त्यावर पेन्सिल टेकवली:
झोन सतरा, पाच चाळीस, एक.
"ही काय, उरलेली चूक?"
"नाही," म्हटलं, "कामाला जातोय."
बाईंनी बारीक टिंब काढलं
आणि त्या झोन अठराकडे वळल्या.